पहिलं कोण बोललं?

म्हाताऱ्या सेबिनांना कामावरून काढले, पण पावाची बुरशी काही गेली नाही.

मोचुडी गावच्या त्या बेकरीत आज पुन्हा पाव परत आले होते, तेही शाळेतून. मुख्याध्यापिकेने पिशव्या फाटकातच ठेवल्या आणि पहारेकऱ्याला सांगितले, "तुमच्या बाईंना म्हणावं, हे आधी आपल्या घरी खाऊन बघा." मॅनेजर बोनोलोने एक पिशवी उघडली. पावाच्या कडेला हिरवट लव धरली होती. ती खुर्चीत बसली ती बसूनच राहिली. पाव वाया गेल्याचे दुःख होतेच, पण त्याहून वाईट गोष्ट आता तिच्या ध्यानात आली होती. सेबिनांचा दोष नव्हता.

बोनोलो ही आपल्याच गावची मुलगी. राजधानीत, गाबोरोनला शिकली, बेकरीची मॅनेजर झाली. कामाला वाघ. गाडी भल्या पहाटे सोडून शहरातली दुकाने आधी पकडायची कल्पना तिचीच. खोड एकच. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत हिच्या जिभेवर उत्तर तयार.

ऊन तापू लागले आणि तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा तिने सगळ्यांना बोलावले. बसता बसताच म्हणाली, "मला विचाराल तर पिठाच्या कोठारात ओल धरतेय. रा सेबिना दारं उघडी टाकतात. तुमचं काय मत?"

सगळे म्हणाले, "होय, मा." आपल्याकडे बाईला आदराने मा म्हणतात, पुरुषाला रा.

तिने स्वतः सेबिनांना विचारले. इतकी वर्षे कोठार सांभाळणारा तो माणूस उभा राहिला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल, मा."

याला तिने कबुली मानले. मंडळी, तुम्हीआम्हीही तेच मानले असते.

त्यानंतर एका लग्नात सेबिनांची बायको तिला भेटली. बोनोलोने वाकून "दुमेला, मा" म्हटले. तिनेही तितक्याच अदबीने उलट नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली आणि ताट घेऊन लांबच्या सावलीत जाऊन बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे बोनोलोला तेव्हा वाटून गेले. सेबिना लग्नाला आलेच नव्हते. पाव नासवणारा म्हातारा म्हणून पोरेसोरे त्यांना हसायला लागली होती.

त्या दिवशी परत आलेले पाव तसेच टाकून ती मोदिसेमामांकडे गेली. आपल्याकडे अडले की मामाच. त्यातून हे मामा गावच्या चावडीवर, म्हणजे खोत्लावर, प्रमुखाच्या शेजारी बसणारे. ते अंगणात ज्वारीची आंबील खात होते.

"ये. चेहरा का असा? गुरं हरवली की नवरा मिळाला?"

ती हसली नाही. तिने सगळे सांगितले. मामांनी वाटी खाली ठेवली.

"त्या बैठकीत पहिलं कोण बोललं?"

"मीच. वेळ वाचावा म्हणून."

"आणि खोत्लावर प्रमुख कधी बोलतो?"

"शेवटी."

"का?"

"का म्हणजे? तो बोलला की निकाल लागला. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही." एवढे बोलून ती थांबली.

"ऐक आता स्वतःचंच," मामा म्हणाले. "तू बैठक घेतलीस असं तुला वाटतंय. तू निकाल वाचलास, पोरी. आणि निकाल वाचून झाल्यावर विचारलंस, तुमचं काय मत. ती माणसं काय करणार? लहानपणापासून शिकलीत, मोठ्याचा शब्द पडला की उठायचं, माती झटकायची, घरी जायचं."

"पण मामा, बेकरी म्हणजे खोत्ला नाही. तिथे म्हातारे दिवस मावळेपर्यंत एका गायीच्या वादाचं शेपूट ओढत बसतात. माझी भट्टी तापलेली असते. मी मॅनेजर आहे, निर्णय मीच घ्यायचा ना?"

"तूच घ्यायचा. प्रमुखसुद्धा स्वतःच घेतो. पण आधी कान भरून घेतो, मग तोंड उघडतो. वेडंवाकडं बोलणाऱ्यालाही आपण बोलू देतो, कशासाठी? त्याचं ऐकून चांगलं बोलणाऱ्याला धीर येतो. तू घाई केलीस. किती वेळ वाचला?"

तिने मामांची वाटी उगाच बाजूला सरकवली.

"वेळ वाचला नाही, पाव वाचले नाहीत, आणि एका माणसाची अब्रू गेली. सेबिनांनी मान्य केलं म्हणतेस. त्यांनी निकाल ऐकून घेतला, भल्या माणसासारखा. गुन्हा कबूल नाही केला."

बोनोलोने रुमाल डोळ्यांना लावला. मामांनी लावू दिला. रडू नको असे ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भट्टी थंडावल्यावर, तिने सगळ्यांना अंगणात गोल बसवले आणि एवढेच म्हणाली, "पाव अजून नासतोय. का, ते मला माहीत नाही. तुम्ही बोला. सगळ्यांचं झाल्यावर मी बोलेन."

कुणी बोलेना. कुणी नखे पाहत होते, कुणी कोंबड्या. बोनोलोची जीभ वळवळत होती. तिने दात घट्ट आवळून धरले.

शेवटी ड्रायव्हर ओतेंग म्हणाला, "काही नाही, एक आपलं वेडंवाकडं. दुकानदार म्हणतात, पहिल्या फेरीचाच पाव नासतो. दुसरीचा टिकतो."

पाव पिशव्यांत भरणारी गाओने हळूच म्हणाली, "पहिल्या फेरीच्या पिशव्यांना आतून पाणी सुटतं. पुसायला जावं तर बाहेरून कोरड्या."

"सुटणारच," भट्टीवरची मा लेसेदी म्हणाली. "पाव गरमच भरतो आपण. पूर्वी तो फळ्यांवर गार व्हायचा. आता तेवढा वेळच नसतो."

"का नसतो?" बोनोलोने विचारले आणि विचारतानाच तिला उत्तर कळले.

मा लेसेदीने नजर खाली घातली. "गाडी लवकर निघते ना, मा."

गाडी लवकर सोडायचा हुकूम बोनोलोचाच. पीठ कोरडे होते, कोठार कोरडे होते. नासवणारा निर्णय तिचा होता आणि शिक्षा सेबिनांना!

"त्या दिवशी का नाही बोललात?" तिने विचारले.

"तुमचं बोलून झालं होतं," गाओने म्हणाली. मग मा लेसेदी म्हणाली, "आमचंही चुकलंच, मा. कितीदा त्यांच्या डब्यातलं खाल्लंय मी. आणि त्या दिवशी 'होय' म्हणून मोकळी झाले. मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही."

संध्याकाळी बोनोलो मामांना घेऊन सेबिनांकडे गेली. माफी मागायची तर मोठे माणूस बरोबर हवे. तिने काही न लपवता सगळे सांगितले. मग सवयीने पुढे म्हणाली, "मी असं ठरवलंय की उद्यापासून तुम्ही..."

मामा खाकरले. तिने वाक्य तिथेच सोडले आणि म्हणाली, "तुम्हीच सांगा, मी काय करू?"

सेबिनांनी शेळ्यांपुढे चारा टाकला आणि ते म्हणाले, "माझं नाव चारचौघांत गेलं, मा. अंगणात बसून ते परत कसं येईल?"

म्हणून ती खोत्लावर उभी राहिली. खाली मान घालून, सगळ्या गावासमोर, बेकरीच्या माणसांसमोर, तिने सांगितले की पाव सेबिनांनी नासवला नव्हता, मी नासवला. मग प्रमुखांनी आपला शेवटचा शब्द सेबिनांना दिला. असे आपल्याकडे क्वचितच होते.

सेबिना उठले. "माफ केलं," ते म्हणाले. "मनापासून केलं. पण मी परत येणार नाही. त्या दारातून जाताना मला दर वेळी तो दिवस आठवेल. आता माझ्या शेळ्या बऱ्या." आणि त्यांनी बोनोलोच्या डोक्यावर हात ठेवला.

तेव्हा मात्र तिला हुंदका आवरला नाही. ती त्यांना परत न्यायला आली होती.

गाडी आता उशिरा सुटते आणि पाव टिकतो. पावाचे दुरुस्त झाले. माणसाचे अर्धेच झाले, आणि उरलेले अर्धे बोनोलो मनात वागवते आहे. वागवू द्या. त्यानेच ती आता नीट ऐकते.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी कचेरीत, शाळेत, घरात डोक्याच्या जागी बसत असाल, तर आपले मत शेवटपर्यंत दाताखाली धरा. आधी बोललात तर तुम्हाला सल्ला मिळणार नाही, फक्त होकार मिळेल. आणि जे समोर बसतात त्यांनीही ध्यानात ठेवावे, की मान डोलावणे फुकट नसते. त्याची किंमत कुणीतरी मोजतो, आणि बहुधा तो शेजारीच बसलेला असतो.