उजवीकडची बटणं

मुलगी आठवडाभर माझ्यामागे हात धुवून लागली होती. "आई, मुलाखतीत पहिल्या अर्ध्या मिनिटात काय ते ठरतं. ताठ बस. हसून बघ. आणि फाइल छातीशी धरू नकोस, घाबरल्यासारखं दिसतं."

मास्तरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, टेलरिंगच्या दुकानात मी बावीस वर्षं काजं-बटणं केली. कपडा चांगला झाला की गिऱ्हाईक म्हणणार, "मास्तरांचा हात!" माझा हात कुणाला दिसलाच नाही. म्हणून कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायला बाई हवी आहे असं कळलं, तेव्हा मी कुणाला न विचारता अर्ज टाकून दिला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ती नोकरी मला हवी होती, अगदी हट्टानं हवी होती.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मास्तरांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी टेप गळ्यात घालून समोर उभे. "जायचं तर माझ्या हातचा कोट घालून जायचं." जन्मभर पुरुषांचे कोट शिवलेला माणूस! माप घेताना मला चक्क "हलू नका" म्हणाले. काजं-बटणंही करू देईनात. "तू आता गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं मध्ये मध्ये करायचं नाही."

मुलाखतीच्या सकाळी कोट उलगडून धरून उभे राहिले. मी हात घातले आणि आरशात पाहिलं. बटणं उजवीकडे! पुरुषांच्या कोटाला असतात तशी. बायकांच्या कोटाला डावीकडे हवीत, हे मास्तरांना काय ठाऊक नाही? पण इतक्या वर्षांची हाताची सवय. आणि काज एकदा कापलं की कापलं.

मागे उभे राहून ते खांदे सारखे करत होते. "कसा झालाय?"

"झकास," मी म्हटलं.

कारखान्यात गेले ती फाइल छातीशी घट्ट धरूनच. मॅनेजरबाईंनी बसायला सांगितलं, मी बसले. फाइल तिथेच. त्या काय काय विचारत होत्या, मी उत्तरं देत होते, पण सगळं लक्ष त्या तीन बटणांवर. पहिलं अर्धं मिनिट केव्हाच पाण्यात गेलं होतं.

मग त्यांनी एक शर्ट पुढे टाकला. सोबत बाणाच्या आकाराचे लाल स्टिकर, मोजून सात. "जिथे चूक दिसेल तिथे लावा. पाच मिनिटं."

शर्ट तपासायला दोन्ही हात लागतात. फाइल खाली ठेवावीच लागली.

पण एकदा कापड हातात आलं आणि माझी भीती कुठल्या कुठे गेली. कॉलरचं एक टोक आखूड. खिसा तिरका. बाहीला सुटलेला टाका. एका काजाचा दोरा सैल. कफ लहानमोठे. खालची दुमड ओढलेली. सहा स्टिकर लावले आणि मान वर केली. बाई शर्टाकडे बघतच नव्हत्या. माझ्या कोटाकडे बघत होत्या.

"एक उरलाय," त्या म्हणाल्या.

हल्ली अशीच फॅशन आहे, असं सांगता आलं असतं. मुलीनं तेच सांगितलं असतं. मी सातवा स्टिकर उचलला आणि स्वतःच्या वरच्या बटणाशेजारी लावला.

"कुणी शिवला?"

"माझ्या मिस्टरांनी."

"घालताना दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"म्हणजे चूक दिसली, तरी माल पास केलात. तपासणाऱ्या बाईनं?"

माझे कान तापले. "घरात केला, बाई. ते इतक्या हौसेनं कोट धरून उभे होते. पण इथे त्यांनी शिवलेला आला तर परत पाठवीन."

"नवऱ्याचा?"

"त्यांचा तर आधी!"

बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "सोमवारी आठ वाजता या."

मी तरंगतच दुकानात पोचले. मास्तरांनी मशीन थांबवलं. "काय झालं?"

"सोमवारपासून."

त्यांचा चेहरा फुलला, आणि मग नजर त्या लाल बाणावर गेली. बाणाकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, आणि मटकन स्टुलावर बसले.

"तुला सकाळीच दिसलं असणार."

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"गिऱ्हाइकानं मध्ये मध्ये करायचं नाही ना!"

ते हसले, पण डोळे भरून आले होते. माझेही आले. स्टिकर त्यांनी नखानं अलगद सोडवला. मग खुंटीवरचा तयार कोट काढला, उद्या गिऱ्हाइकाला द्यायचा होता तो. माझ्यासमोर टेबलावर पसरला आणि बाण माझ्या हातात दिला.

"बघ," म्हणाले. "आणि हातचं राखू नकोस."

मी दिवा जवळ ओढला. डाव्या खिशाचं झाकण जरा खाली आलं होतं. मी बाण लावला.