नागपूरहून आलेला टाइपरायटर

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. भोपाळमध्ये एका सरकारी संग्रहालयात काचेच्या पेटीत बसलेला असतो. माझ्या अंगावर धूळ नाही. रोज सकाळी एक कर्मचारी काच पुसतो. तरी मला इथे फार एकटे वाटते. का, ते सांगतो.

माझे लोखंड विलायती होते, पण माझी अक्षरे देवनागरी होती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. मध्य प्रदेशाची राजधानी तेव्हा नागपूर होती आणि तिथल्या सरकारला लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलायचे होते. म्हणून कचेरीत मराठी विभाग निघाला आणि त्यात मला आणले गेले. माझ्यासमोर येऊन बसली इंदुमती पांढरीपांडे. नुकतीच मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, सडपातळ, कमी बोलणारी मुलगी. सगळ्या खोलीत ती एकटीच बाई होती. पहिल्या दिवशी तिची बोटे अवघडलेली होती आणि माझ्या कळाही नव्या होत्या, ताठ होत्या. आम्ही दोघे बरोबरच सैल झालो.

काय काय छापले म्हणून सांगू! जमिनीचे नवे कायदे, पंचायतीचे नियम, शाळा उघडण्याची परिपत्रके. कालपरवापर्यंत ज्या गोष्टी इंग्रजीत वरच ठरत, त्या आता कोतवाल चावडीवर मराठीत वाचून दाखवी. ओळ संपली की माझी घंटी वाजे. त्या काळात ती दिवसभर वाजत असे.

मग पहिली मोठी निवडणूक आली. मतदारांच्या याद्या तयार होत होत्या आणि त्यात एक विचित्र अडचण निघाली. गावोगावच्या कितीतरी बायका स्वतःचे नावच सांगत नव्हत्या. कोणी 'गणपाची माय', कोणी 'पाटलाची सून'. वरून हुकूम आला की जिचे स्वतःचे नाव नाही, तिची नोंद कापायची.

साहेबांनी तो हुकूम मराठीत टाइप करायला दिला. इंदुमतीने कागद चढवला, पण कळ दाबली नाही. उठून ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, कापण्याआधी एकदा विचारून बघू का?"

"विचारलंय. आपली माणसं दोनदा जाऊन आली."

"माणसं गेली होती, साहेब. परक्या पुरुषाला बाई नाव कशी सांगेल? मी जाते."

साहेबांनी टेबलावरची यादी तिच्याकडे सरकवली. "यंत्र घेऊन जा मग," ते म्हणाले. "दुरुस्ती तिथेच करून आणा. परत वेळ मिळायचा नाही."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा बैलगाडीत बसलो. उमरेडच्या बाजूच्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर इंदुमतीने मला मांडले. बायका आल्या, पण लांबच उभ्या राहिल्या. शेवटी एक म्हातारी पुढे आली.

"मी गणपाची माय," ती म्हणाली. "सारं गाव मले तसंच म्हणते."

"ते झालं, आजी. पण तुमचं नाव काय?"

"माह्या नावाचं काय काम पडलं तुमाले?"

"त्या नावाशिवाय तुम्हाला मत देता येणार नाही. गणपाला येईल, तुम्हाला नाही."

म्हातारी खाली बसली. लग्नात सासरी नाव बदलले होते, पण तेही कोणी घेतले नव्हते. नवरा 'अवं' म्हणे, पुढे पोरगा झाला आणि ती त्याची माय झाली. ती कपाळाला हात लावून आठवत राहिली. इंदुमतीने घाई केली नाही.

"मायघरी मले अंजिरा म्हणत," ती हळूच म्हणाली. "तेच लिव्ह."

इंदुमतीने कळा दाबल्या. म्हातारी माझ्यावर वाकली आणि ताज्या शाईवरून तिने बोट फिरवले.

"एवढुसंच हाय का माह्यं नाव? मले वाटलं, मोठं असन."

बाकीच्या बायका हसल्या आणि जवळ सरकल्या. अंधार पडेपर्यंत त्या नावे सांगत होत्या. जिने सांगितले ती दुसरीला पुढे ढकलत होती. मित्रांनो, मी पुष्कळ कायदे छापले, पण त्या दिवसाइतका मान मला पुन्हा मिळाला नाही. परतताना गाडीत इंदुमतीने आपल्या शालीने मला झाकले होते आणि स्वतः थंडीत कुडकुडत बसली होती.

पुढे राज्ये नव्याने आखली गेली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली भोपाळ. कपाटे, खुर्च्या, फायली आगगाडीत चढल्या. मीही चढलो. तोवर इंदुमतीचे लग्न झाले होते. नवरा अरविंद सचिवालयातच होता; कुठल्या राज्यात जाणार असे विचारले तेव्हा त्याने भोपाळ पत्करले. स्टेशनवर तिची आई डोळ्याला पदर लावून उभी होती.

भोपाळला नव्या साहेबांनी तिला बोलावून घेतले. ते भले गृहस्थ होते. "इंदुमतीजी, मराठी का काम तो अब यहाँ रहा नहीं," ते म्हणाले. "आप हिंदी सीख लीजिए."

ती हिंदी शिकली. तिला नवे यंत्र मिळाले. मी मात्र मागच्या कोठीत गेलो, कारण माझ्या कळांची मांडणी तिथल्या कोणाच्या हाताची नव्हती. एकदा एकाने मला पाहून विचारले, "ये 'ळ' किस काम का है?" उत्तर द्यायला खोलीत कोणी नव्हते.

दुपारच्या सुट्टीत इंदुमती कधीकधी डबा घेऊन कोठीत येई. माझ्याशेजारी बसून जेवी. फडक्याने मला पुसून निघून जाई. अरविंद सोडला तर आम्हा दोघांनाही त्या शहरात अजून कोणी नव्हते.

वर्षे गेली. जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा तिने मला अरेरा कॉलोनीतल्या घरी आणले. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रके मी काही वर्षे छापली. मग संगणक आला. माझी शाईची फीत वाळली. अरविंद गेले. मुलगा जयंत कारखान्यातल्या नोकरीत बुडालेला आणि नात क्षितिजा अभ्यासात. म्हातारी इंदुमती माझ्यावर हात ठेवून खिडकीतून बाहेर बघत बसे. तिला कोणी काही विचारले नाही, आणि आपण होऊन सांगण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

ती गेल्यावर घर विकले. मिसरोदच्या फ्लॅटमध्ये मला जागा नव्हती. जयंत म्हणाला, "आईची वस्तू आहे, भंगारात नको." म्हणून क्षितिजा मला गाडीत घालून इथे घेऊन आली.

इथल्या अधिकारी बाईंनी पेन उघडले. "इस पर क्या काम होता था? तख़्ती पर लिखना है."

"आजीची मशीन है... दादी की," क्षितिजा म्हणाली. "ऑफिस का ही कुछ टाइप करती होंगी."

"कुछ ख़ास?"

क्षितिजाने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले होते. "पता नहीं, मॅडम," ती म्हणाली. "मैंने कभी पूछा नहीं."

मी तिथेच होतो, मित्रांनो. मला सगळे ठाऊक होते. पण फितीशिवाय आणि बोटांशिवाय टाइपरायटरला बोलता येत नाही.

आता माझ्या पाटीवर 'पुराना टाइपराइटर' एवढेच लिहिले आहे. लोक येतात, फोटो काढतात, जातात. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला जरूर पुसा, तेलपाणी करा. पण त्याआधी, जिचे हात त्या वस्तूवरून फिरले ती आजी अजून खिडकीपाशी बसलेली असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसा. आणि विचारा.