एकशे सत्तर रिकामी पानं

"कसे आहात?"

"जबरदस्त!"

"आवाज नाही आला! कसे आहात?"

"जबरदस्त!!"

चार दिवसांपासून नळाला पाणी नव्हतं. राळेगावला जाणारी सकाळची एसटी त्या दिवशीही आली नव्हती. तरी रविवारी अकराच्या उन्हात बोरटेकच्या समाजमंदिरात दाटीवाटीने बसलेली झाडून सगळी माणसं जबरदस्त होती. कोट घातलेला एक तरुण माईक तोंडाशी धरून दर पाच मिनिटांनी त्यांची चौकशी करत होता आणि लोक हात वर करकरून कळवत होते.

मी मागच्या खिडकीत बसलो होतो. घर माझं यवतमाळला, नोकरी इथल्या शाळेत विज्ञान शिकवण्याची. मोठी माणसं मला नरहर गुर्जी म्हणतात. नववीची पोरं काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

तो कोटवाला म्हणजे राजदीप सर, 'तेजोमय लाईफ' या कंपनीचा डायमंड. या कंपनीत माणूस आधी मोती असतो, मग माणिक होतो, मग हिरा. त्याच्या हातात एक राखाडी कडं होतं. असलं कडं जत्रेत तीस रुपयांना मिळतं. याची किंमत साडेसहा हजार होती, कारण यात बायो, नॅनो आणि क्वांटम असं तिन्ही घातलेलं होतं. क्वांटम हा शब्द तर तो अशा जिव्हाळ्याने उच्चारत होता की ते त्याच्या सासुरवाडीचं गाव असावं. हे कडं घातलं की रक्त पातळ होतं, गुडघे मोकळे होतात, शुगर खाली येते आणि मुलांचं अभ्यासात लक्ष लागतं. नववीच्या पोरांना एकेक घालावं असं मलाही क्षणभर वाटून गेलं. शिवाय कडं घेऊन जो पुढे माणसं जोडेल, त्याला कंपनीकडून दर महिन्याला चेक.

"पुरावा पाहिजे ना? या काका, पुढे या!"

पुढे आले नागोराव. साठीचा माणूस, उभा जन्म जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला. अंगातल्या ताकदीचा त्यांना अजून अभिमान. राजदीपने त्यांना पाय जुळवून उभं केलं, उजवा हात आडवा धरायला लावला आणि मनगटावर नुसती दोन बोटं दाबली. नागोराव कोलमडले. लोक हसले. नागोरावांचं तोंड एवढंसं झालं.

मग राजदीपने तेच कडं त्यांच्या हातात चढवलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि या वेळी अक्षरशः त्या हाताला लोंबकळला. नागोराव तसूभर हलले नाहीत. समाजमंदिर टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतली एक बाई चक्क रडली.

"अबे, लोखंडाचा खांब झालो मी!" नागोराव ओरडले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मलाही बरं वाटलं. वाईट वाटायला हवं होतं, ते पुढे आठ दिवसांनी वाटलं.

आठ दिवसांनी त्यांची सून दीपमाला शाळेच्या फाटकाशी उभी होती.

"सर, मामाजी शुगरच्या गोळ्या घेऊन नाई राह्यले. राजदीप सरांनी सांगितलं म्हणते, गोळी अन् कडं एका अंगात भांडतात. पायाले चप्पल लागली होती, तिथं जखम झाली. करंगळी काळी दिसून राह्यली. दवाखान्याचं नाव काढलं तं अंगावर धावतात. तुम्ही समजावून पाहा ना."

साखर असलेल्या माणसाच्या पायाची करंगळी काळी पडू लागली, तर तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. मी तसाच निघालो. वाटेत मला एक नामी युक्ती सुचली. युक्ती चांगली होती, ती वापरणारा मूर्ख होता.

नागोराव ओट्यावर चार मित्रांच्या मध्ये बसले होते. मी दीपमालाला म्हटलं, "घरात वांगं आहे का?" तिने आणून दिलं. मी नागोरावांना उभं केलं, कडं काढायला लावलं, हात आडवा धरून मनगट दाबलं. ते कोलमडले. मग हातात वांगं दिलं आणि सगळा जोर लावून दाबलं. ते ठाम उभे.

"बघा," मी म्हणालो, "वांग्यातही क्वांटम आहे!"

मित्र खो खो हसले. मी मग रीतसर समजावलं. पहिल्या वेळी मनगटावर, म्हणजे अंगापासून लांब दाबायचं आणि दाबताना किंचित बाहेर ओढायचं. लांब दांड्याच्या पान्याने कसलाही नट सुटतो, तसा माणूस कलंडतो. दुसऱ्या वेळी बोटं गुपचूप कोपराजवळ आणायची आणि जोर त्याच्याच अंगाकडे द्यायचा. मग तो जोर सरळ पायांतून जमिनीत जातो आणि तुम्ही हत्ती लटकवला तरी माणूस पडत नाही. शिवाय एकदा पडलेला माणूस दुसऱ्या वेळी आपोआप सावरून उभा राहतो. कडं असो, वांगं असो, नाहीतर काही नसो.

सगळं बरोबर होतं. फक्त मी नागोरावांकडे पाहिलं नव्हतं. चारचौघांत त्यांना दोनदा पाडून झालं होतं, एकदा त्याने आणि एकदा मी.

"गुर्जी," ते कडं पुन्हा चढवत म्हणाले, "तो डायमंड आहे. तुम्ही कोन आहात?"

तेवढ्यात आतून त्यांची बायको मथुराबाई आली. "वांगं धरूनही नाई पडले, मानलं. पन गुर्जी, तुमचं वांगं महिन्याच्या महिन्याले चेक देते काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोक कड्याला भुललेच नव्हते. खरा चमत्कार तो चेक होता, आणि त्याच्यावर वांगं चालणार नव्हतं. आणि जोवर चेक खरा, तोवर कडं खरं, आणि जोवर कडं खरं, तोवर गोळी बंद. मी घरी जाऊन स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. दीपमालाने दोनदा रिक्षा बोलावली, नागोरावांनी दोनदा परत पाठवली.

आता मथुराबाईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाचं, तेरवीचं जेवण असलं की घरोघर तोंडी बोलावणं जातं, त्याला आवतन म्हणतात. घरातल्या सगळ्यांनीच यायचं, त्या दिवशी घरी चूलच पेटवायची नाही, असं असलं तर ते चूलबंद आवतन. बोरटेकमध्ये पस्तीस वर्षं कुणाच्याही घरचं आवतन मथुराबाईच देत आली आहे. कुठल्या घरी किती चुली, कुणाचा भाऊ वेगळा निघाला, कुणाची सून माहेरी गेली, सगळं तिला तोंडपाठ. जनगणनेवाले येतात तेही आधी तिच्याकडे चहा पितात. या कामाचा एकच कडक नियम आहे. पंगतीत पान कमी पडलं, तर आचाऱ्याला कुणी काही बोलत नाही. ज्या तोंडाने आवतन दिलं, त्या तोंडाला शिव्या बसतात.

राजदीपला हे कळलं तेव्हा त्याला खाण सापडली. गावातल्या प्रत्येक दारात जिला बसायला पाट मिळतो अशी बाई! त्याने तिला फुकटात माणिक करून टाकलं आणि पुढच्या रविवारी स्टेजवर खुर्ची दिली.

त्या रविवारी मी पुन्हा खिडकीत होतो. नागोराव पुढच्या रांगेत, पायाला फडकं गुंडाळलेलं. माझ्यापर्यंत त्याचा वास येत होता. शेजारचे नाकाला रुमाल लावून जबरदस्त म्हणत होते.

राजदीपने पांढऱ्या फळ्यावर एक गोल काढला. "ह्या मथुराताई! ह्यांनी काय करायचं? फक्त पाच! पाच घरं जोडायची. ते पाच पुढे पाच-पाच जोडतील. विकायचं काही नाही, फक्त बोलवायचं! ताई, बोलवायला तर तुमचा जन्म झाला आहे!"

टाळ्या. मथुराबाई लाजली, पदर नीट केला आणि सवयीने विचारून बसली, "मंग सर, एकून पानं किती?"

"म्हणजे?"

"आवतन द्याचं म्हंजे पानं किती, हे आधी इचारा लागते. घरोघर जाचं तं मले."

"पानं मोजू नका ताई, स्वप्नं बघा! अमर्याद!"

"अमर्याद कसं?" मथुराबाई उठून फळ्यापाशीच गेली. "गावात चुली दोनशे बारा. वरच्या पुऱ्यात नव्वद, खालच्यात शहात्तर, तांड्यावर सेहेचाळीस. खेमसिंगचा पोरगा वेगळा निघाला तो धरून. आता मी एक. माह्ये पाच. त्यायचे पंचवीस. त्यायचे किती गुर्जी?"

मी खिडकीतून उडीच मारली. "एकशे पंचवीस!"

"किती झाले समदे?"

"एकशे छप्पन."

"म्हंजे उरल्या छप्पन चुली." ती राजदीपकडे वळली. "त्या एकशे पंचवीस जनाले पाच-पाच पायजेत. किती होतात?"

"सहाशे पंचवीस," मी म्हणालो.

"सहाशे पंचवीस चुली पायजेत, अन् गावात छप्पन. बाकीच्या मी कुठून आनू?"

कुजबुज सुरू झाली. राजदीप हसला. अशा प्रसंगी कसं हसायचं हेही त्यांना शिकवत असावेत. "शेजारचं गाव आहे ना ताई! आख्खा तालुका आहे!"

"शेजारच्या गावी तुमची मीटिंग कालच झाली. तिथं आवतन देनारी माह्यी चुलत बहीन हाय. तिलेबी तुम्ही मानिकच केलं."

आता मात्र लोक हसले. तिकडे फळ्यावर मी हिशेब मांडत होतो, कारण इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता आणि हातात खडूऐवजी मार्कर होता. दोनशे बारा चुलींत पूर्ण पाच माणसं मिळणार फक्त बेचाळीस घरांना. उरली एकशे सत्तर घरं. त्यांनी साडेसहा हजार भरायचे, आणि त्यांच्या खाली पाच पुरे करायला गावात माणसंच शिल्लक नाहीत. वरच्यांना जो चेक मिळतो तो कड्यातून निघत नाही, या एकशे सत्तरांच्या पेटीतून निघतो. गाव मोठं केलं तरी दर पाच घरांत चार उपाशी, हे गुणोत्तर हलत नाही.

"एकशे सत्तर पानं," मथुराबाई हळू म्हणाली. ती फळ्याकडे नाही, समोर बसलेल्या माणसांकडे पाहत होती. "हंसाबाई शेवटच्या पंगतीत. लालीबाई शेवटच्या पंगतीत. मारोतीभाऊ बी. यायच्या दारात मी जाऊ, या म्हनू, अन् पानात काय वाढू? तुमचं काय, तुम्ही यवतमाळले चालले जान. शिव्या मले बसतीन."

"ताई, तुम्ही निगेटिव्ह होऊन राहिल्या. ज्याचा विश्वास कमी—"

"इश्वासाचं नका सांगू. पस्तीस वर्षांत माह्या आवतनाचा मानूस उपाशी नाई उठला."

ती स्टेजवरून उतरली, नवऱ्यापुढे उभी राहिली, आणि मला वाटतं त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिने नीट त्या पायाकडे पाहिलं.

"ज्याले पानं मोजता येत नाई, तो तुमच्या रगतातली साखर काय मोजंन हो? काढा ते!"

नागोरावांनी हात पुढे केला आणि तिने कडं ओढून काढलं. दीपमालाने रिक्षा आधीच दाराशी लावून ठेवली होती, आणि या वेळी ती परत गेली नाही.

राजदीप सर मात्र लगेच गेले. घेतलेल्या एकोणीस कड्यांपैकी सहांचे पैसे परत आले, तेही पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर. जाताना त्यांच्या गाडीची डिकी उघडी होती आणि आत खच्चून कडी भरलेली होती. तीही कुणीतरी वरच्याने त्यांच्या गळ्यात मारली असणार. मला त्यांची कीव आली, पण फार नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात नागोरावांची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी आले असते तर मलमपट्टीवर भागलं असतं. मी पलंगाशी बसलो होतो. मी म्हणालो, "नागोराव, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमची थट्टा केली. चुकलं माझं."

"तुमचं वांगं खरं होतं गुर्जी," ते म्हणाले. "पन मले खांब व्हाचं होतं."

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

तेव्हा मंडळी, उद्या तुमच्या दारात कुणी येईल. कोट असेल, कदाचित तुमचा मावसभाऊच असेल. माल कड्याचा असेल, पाण्याच्या मशीनचा असेल, नाहीतर मोबाईलमध्ये नुसता आकडा असेल. त्याला चहा द्या आणि मग विचारा: माणूस न जोडता, नुसता माल आवडला म्हणून विकत घेणारं गिऱ्हाईक तुझ्याकडे किती? आमच्या खाली कोण, त्यांच्या खाली कोण, आणि माणसं संपली की काय? डॉक्टरची गोळी बंद कर म्हणाला, तर चहाही देऊ नका. तो तुम्हाला निगेटिव्ह म्हणेल, म्हणू द्या. प्रश्न विचारला म्हणून कुणाचं बोट कापावं लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.