काचेच्या कपाटातला चेंडू

मित्रांनो, पेडण्याजवळच्या एका शाळेतला मी जुना बास्केटबॉल. रंग उडालाय, रेषा पुसल्यात. पण जमिनीवर आपटल्याशिवाय मला करमत नाही. आपटणं हेच माझं जगणं, त्यामुळे कुणी मला जपून ठेवलं की माझा जीव गुदमरतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

कारखान्यातून शाळेत आलो तेव्हा खेळाचे शिक्षक गुरुदास सर पंधरा मुलींना शिकवत होते. त्यांतली गौरवी पहिल्याच दिवशी मला लांबून रिंगमध्ये टाकून मोकळी झाली. सर खूश! त्या दिवसापासून ते त्याच संघातल्या हर्षाला दहा वेळा ओरडायचे, "कोपर आत घे गो!" आणि गौरवीला हसून म्हणायचे, "तुका काय शिकवूचा? तू शिकानच इलंस!"

मला मात्र एक गोष्ट कळत होती. गौरवीचा उजवा हात मला अगदी पाठ होता. तिच्या डाव्या हाताची बोटं माझ्या ओळखीचीच नव्हती. पण चेंडूचं कोण ऐकतो?

तालुक्याचा अंतिम सामना तिने माझ्याच जिवावर जिंकला. पुढे खंडेनवमीला शाळेतल्या विळ्या-कोयत्यांच्या, पेटी-तबल्याच्या शेजारी सरांनी मलाही पाटावर मांडलं. हळदकुंकू, झेंडूचा हार! आमच्याकडे पूजेला लागलेल्या वस्तूला त्या दिवशी कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक वस्तू कामाला लागते. पेटी वाजली, कोयता माडाखाली गेला. मी तेवढा राहिलो. "हा जिंकलेला चेंडू, हा वापरायचा नाही," म्हणत सरांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं.

खिडकीतून मैदान दिसायचं. हर्षा ओरडा खात होती आणि महिन्यागणिक सुधारत होती. गौरवी एका बाजूला एकटीच उजव्या हाताने खेळायची, टाळ्या घ्यायची आणि मग सरांकडे बघत उभी राहायची. सर बघायचे ते हर्षाकडे. मला त्या पोरीची फार दया यायची.

डिचोलीच्या सामन्यात समोरच्या मुलींनी तिची उजवी बाजू अडवली. संपूर्ण सामन्यात तिला एकही गुण करता आला नाही. परतल्यावर ती मैदानाकडे फिरकलीच नाही.

पुन्हा खंडेनवमी आली. सर मला पूजेसाठी पुसायला घेतात न घेतात तोच त्यांचा अंगठा माझ्या पोटात रुतला. वर्षभरात मी पार मऊ पडलो होतो. तेवढ्यात गौरवी दारात आली. हातात संघाचा सात नंबरचा शर्ट, घडी घातलेला.

"सर, ह्यो घ्या. मी आता खेळणार नाय."

"एक सामनो हरलंस म्हणान?"

"हर्षाची चूक तुमी धा वेळा सांगतास. माझी एकय नाय. माका वाटला, तुमका माझा काय पडलेलाच नाय."

सरांनी माझ्या मऊ पोटावर पुन्हा अंगठा दाबून पाहिला. मग हळूच म्हणाले, "चुकला गो माझा. आज ह्यो चेंडू पूजेक लागतलो, हात लावूचो नाय. उद्या सकाळी ये. शर्ट घालून ये."

दसऱ्याच्या सकाळी सरांनी पंपाने माझ्यात हवा भरली. आपल्या टॉवेलाने गौरवीचा उजवा हात कमरेला बांधला आणि मला तिच्या डाव्या हातात दिलं. मी सात वेळा तिच्या हातून निसटलो. एकदा तर थेट गटारात गेलो.

"कोपर! कोपर आत घे गो!" सर ओरडले.

गौरवी हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, एखाद्याला छान जमतं, म्हणून त्याला कपाटात ठेवू नका. कौतुक जरूर करा, पण त्याच्या चुकीपाशीही थोडं थांबा. माझ्या अंगावरचं हळदकुंकू अजून पुरतं गेलेलं नाही. हल्ली ते गौरवीच्या डाव्या तळव्यालाही लागतं.