कमरेएवढे खांब

गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटून चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. कॅसलरॉकला गाडीतून उतरून एक गोरा तरुण रान तुडवत दिग्गीला आला. पाठीवर हा एवढा बोजा: अंथरूण, भांडं, दोर, कापडी राहुटी. अंगण सारवणाऱ्या केशरने त्याला पाहिलं आणि ती शेणाच्या हातांनी तशीच उठली. माणूस बाजाराला जातो तेव्हा टोपली नेतो, जत्रेला जातो तेव्हा भाकरी बांधून नेतो. भांडं आणि अंथरूण दोन्ही पाठीवर कोण घेतं? ज्याचं घर गेलं तो. यात शंका घ्यायला जागाच कुठे होती?

केशरला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पटकीच्या साथीत घरातली सगळी माणसं गेली, तेव्हा तिची आई डोक्यावर हंडा आणि कडेवर केशर घेऊन याच वाडीत आली होती. वाडीची रीत अशी, की भांडं घेऊन दारात आलेल्याला घर कसं गेलं ते विचारायचं नाही. खपली काढून कुणाचं भलं झालंय? आधी जेवू घालायचं, मग घरोघरचं लाकूड, बांबू, गवत जमवून त्याला खोप उभी करून द्यायची. केशरच्या आईला तेव्हा किंदळीच्या टणक लाकडाचे चार खांब मिळाले होते. आई गेल्यावर खोप उतरवली, आणि ते खांब केशरने पडवीत जपून ठेवले. तिचा मुलगा अर्जुन गोव्यात बंदरावर कामाला होता. शिमगा झाला की त्याचं लग्न, आणि त्याचं घर याच खांबांवर उभं राहायचं होतं. फॉरेस्टवाले आता रानातली काठीही उचलू देत नव्हते, त्यामुळे दुसरे खांब मिळायची आशा नव्हती.

पाव्हणा पोटभर जेवला आणि वाडीबाहेरच्या माळावर राहुटी ठोकून राहिला. त्याचं वागणं मात्र विचारू नका. प्यायच्या झऱ्यात नागडा उतरून त्याने अंगाला साबण फासला. बायका रिकाम्या घागरी घेऊन माघारी पळाल्या. देवराईत बूट घालून शिरला. चुलीपुढे वाकलेल्या केशरच्या तोंडाशी कॅमेरा धरून बसला. जणू बाईने चूल फुंकणं हा जगातलं आठवं आश्चर्य.

"दुःखानं मानूस येडावतं," वाडीतला जाणता लखू म्हणाला. "चार दिस जाऊंद्यात."

वाडीने सगळं पोटात घातलं. केशरचं मात्र मनाशी भांडण चाललं होतं. शेवटी ती स्वतःलाच म्हणाली, अर्जुनाचं घर पुढच्या साली होईल, ह्या पोराला आज छप्पर नाही. गड्यांनी चारही खांब राहुटीपाशी नेऊन टाकले. पाव्हण्याने हात जोडून जोडून हसून दाखवलं.

सकाळी खड्डे खणायला माणसं पहारी घेऊन गेली, मागून केशरही गेली. माळावर धूर निघत होता. पाव्हण्याने चारही खांबांची टोकं एकत्र लावून जाळ केला होता, आणि जळतील तशी आत सारली होती. प्रत्येक खांब कमरेएवढा उरला होता. तो मजेत तोंडाचा बाजा वाजवत होता. केशरला बघून त्याने चहाचं भांडं पुढे केलं.

"ह्यो घर जाळून शेकत बसलाय," खड्डे खणायला आलेला नागू पुटपुटला.

दुपारी वाडीतला झिलू कॅसलरॉकहून घरी आला. रेल्वेच्या साहेबाकडे तो स्वयंपाक करायचा, म्हणून कामापुरतं इंग्रजी त्याला येत होतं. लखू खांबांचं विचारायला पुढे झाला, पण केशरने त्याला मागे सारलं. जे वाडीत कुणी कधी विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"झिलू, त्येला इचार, घर कशानं गेलं?"

झिलूने विचारलं, ऐकलं, पुन्हा विचारलं.

"केशरक्का, ह्येचं घर हाय. दोन माळ्यांचं. बा हाय, आई हाय."

"मग भांडून आलाय?"

"न्हाई. सगळं हाय म्हनून करमंना म्हनतो. ज्यांच्याकडं कायबी न्हाई ती मानसं सुखात कशी ऱ्हात्यात, त्ये बघाय आलाय. हितं बघाय मिळालं म्हनतो."

"ह्यो हितं हाय त्ये आईला ठावं हाय?"

झिलूने विचारलं. पाव्हण्याने हसून मान हलवली: नाही.

खांबांपेक्षा हे केशरला जास्त लागलं. घर असताना, आई जिवंत असताना कुणी बेघराचं सोंग घेतं, हे तिच्या आकलनातच बसेना. झिलूकडून खांबांचं कळल्यावर पाव्हण्याचा चेहरा उतरला. सरपण समजलो म्हणाला, डोळ्यांत पाणी आणलं. ते खोटं नसावं. पण दुसऱ्याच दिवशी बोजा बांधून तो अणशीच्या वाटेला लागला, तिथली माणसं बघायला.

शिमग्याच्या तोंडावर एक बाई वाडीत आली. डोक्यावर काळवंडलेला हंडा, कडेवर लेकरू. ती केशरच्याच दारात येऊन थांबली. केशर उंबऱ्यातच उभी राहिली.

"घर हाय का तुला?" ती म्हणाली. "खरं सांग. कशानं गेलं?"

बाईने लेकराला वर सरकवलं आणि आल्या पावली वळली.

आपल्या तोंडून काय गेलं ते तेव्हा कुठे केशरच्या कानांवर पडलं. आईला त्या दिवशी कुणी हेच विचारलं असतं तर? ती अनवाणी धावत सुटली, बाईला पाणंदीत गाठलं आणि तिच्या डोक्यावरचा हंडा दोन्ही हातांनी उतरवून घेतला.

"चल घरात," ती धापा टाकत म्हणाली. "म्या तुला कायबी इचारलं न्हाई. ऐकलंस? कायबी न्हाई."