सुटा कागद

“पुस्तकात आमच्या हिचं नाव कितव्या पानावर आहे, तेवढं सांगा. मी लिहून घेतो आणि निघतो,” घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला.

यादीवाल्यांनी ऐटीत आपली प्रत पुढे ओढली. विधानसभेच्या कचेरीत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. दर पाच वर्षांनी सभागृहाची मुदत संपली की कोण, कुठून, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत सदस्य होतं, याचं पुस्तक निघे, आणि ते यादीवाल्यांच्याच हातून निघे. अशी चार पुस्तकं त्यांनी काढली होती. एकातही चूक नाही, हे चहाच्या वेळी रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागे. हे पाचवं, निवृत्तीआधीचं शेवटचं.

घड्याळजींची बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे. चारचौघांत घड्याळजीही सिस्टरच म्हणत आणि घरी गेल्यावर बोलणी खात. गेल्या वर्षी तिथल्या आमदाराने राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी नोकरी सोडायला लावून हिलाच उभी केली. निवडूनही आणली. शपथ घेतली त्याच्या एकोणिसाव्या दिवशी ती हृदयविकाराने गेली.

यादीवाल्यांनी पान काढलं. त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. जुन्या आमदाराच्या नावाखाली लिहिलं होतं, ‘जागा मुदतीअखेर रिक्त’.

चूक कुठे झाली हे त्यांना तत्काळ कळलं, आणि तेच जास्त झोंबलं. अधिवेशन चालू नसताना निवडून आलेला सदस्य अध्यक्षांच्या दालनात शपथ घेई. सह्यांची जाडजूड नोंदवही सभागृहाबाहेर न्यायची पद्धत नव्हती. म्हणून सही सुट्या कागदावर होई आणि पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी तो कागद वहीत डकवला जाई. सिस्टरच्या नशिबी पुढचं अधिवेशन आलंच नाही. कागद फायलीत राहिला, फाईल कपाटात गेली, आणि यादीवाल्यांनी यादी केली ती नेहमीप्रमाणे वहीवरून. त्या दिवशी तिच्या सहीवर टीपकागद धरणारे तेच होते आणि विसरणारेही तेच.

“एकोणीस दिवस धरत नसतील तर तसं सांगा,” घड्याळजी हळूच म्हणाले. “घरात सगळे तेच म्हणतात. सभागृहात एकदाही बसली नाही, ती कसली आमदार? मलाही आता खात्री वाटत नाही.”

पुढच्या आठवड्यात या, असं म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं. यादीवाल्यांच्या ते ओठांवर आलंही.

“ती आमदार होती,” ते म्हणाले. “नाव माझ्याकडून राहिलंय. चला माझ्याबरोबर.”

छापखाना अंगणापलीकडे होता. छपाई सकाळीच सुरू झालेली. आता फार तर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येईल, आणि चिठ्ठ्या गळून पडतात, हे यादीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढंसं अंगण त्यांना संपता संपेना.

दारातच मुद्रितं तपासणाऱ्या बाई भेटल्या. जिथे तिथे शंका काढतात म्हणून यादीवाल्यांनीच त्यांचं नाव शंकाबाई पाडलं होतं. त्यांनी यांना काही बोलूच दिलं नाही.

“तीन चिठ्ठ्या पाठवल्या तुम्हाला. पोटनिवडणूक झाली होती, मग जागा रिक्त कशी? उत्तर नाही, म्हणून तेवढी पानं मी अडवून ठेवलीत. बाकीचं छापून झालं.”

तिन्ही चिठ्ठ्या यादीवाल्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली घडीसुद्धा न मोडता पडल्या होत्या. ते कागदाच्या गठ्ठ्यावर मटकन बसले. जिवात जीव आला तसे त्यांचे डोळेही भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

“बाई, तुमचे उपकार...”

“उपकार राहू द्या, तारखा सांगा.”

तारखा घड्याळजींनी सांगितल्या. कागद न बघता, दोन्ही.

परत आल्यावर यादीवाल्यांनी सचिवांची परवानगी घेतली, कपाटातून फाईल काढली आणि नोंदवही उघडली. सुट्या कागदावरची सही मोठी होती, शेवटी जराशी वाकडी झालेली.

“हात थरथरला वाटतं,” घड्याळजी म्हणाले. “इंजेक्शन देताना कधी थरथरला नाही.”

यादीवाल्यांनी मागच्या बाजूला डिंक लावला, कागद पानावर ठेवला आणि तळहाताने सरळ केला. एक कोपरा सारखा वर येत होता. घड्याळजींनी त्याच्यावर अंगठा दाबून धरला. थोड्या वेळाने डिंक वाळला. यादीवाले समोरच बसून होते, पण अंगठा काढा असं काही त्यांनी सांगितलं नाही.