कल्याणरावांची खुर्ची

२००४ साली केज तालुक्यातल्या आमच्या गावी उपग्रहाचा दवाखाना आला. पुण्याच्या डॉक्टरीणबाई टीव्हीच्या पडद्यावर दिसायच्या, पेशंटशी बोलायच्या आणि मी, उपकेंद्राची नर्स वत्सलाबाई, त्या सांगतील ते तपासायचे. त्यासाठी पक्क्या स्लॅबची खोली हवी होती. ती कल्याणराव किराणावाल्यांनी दिली. किल्ली मात्र स्वतःकडे ठेवली आणि पडद्याशेजारी खुर्ची टाकून रोज बसायला लागले.

"माझ्या घरातलं मशीन हाय, सिस्टर. काय झालं तर जबाबदार मीच की!"

पेशंटनं तोंड उघडायच्या आत कल्याणरावच उत्तर द्यायचे. निम्म्या गावाचे हे मामंजी. त्यांच्यापुढं बाया डोक्यावर पदर घेऊन गप्प. त्यांच्या मते साऱ्या बायांना पित्त होतं. डॉक्टरीणबाई बिचाऱ्या तेच लिहून घ्यायच्या. पुणं खोलीत आलं, पण ही खुर्ची काही खोलीबाहेर जाईना.

त्यांच्या थोरल्या सुनेच्या, ईश्वरीच्या छातीत सुपारीएवढी गाठ होती. मला दाखवली तेव्हा मी तिला लगेच तालुक्याच्या दवाखान्यात जा म्हटलं. तालुक्याला जायचं तर सासऱ्याला विचारायला हवं, आणि नऊ वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. घरची रीत! नवरा माजलगावच्या साखर कारखान्यावर. तोही बापाला विचारल्याशिवाय पाणी न पिणारा.

शेवटी मीच तिला पडद्यासमोर बसवलं.

"अपचन हाय हिला," खुर्ची बोलली.

माझं डोकंच फिरलं. मी गुपचूप पडद्याचं बटण बंद केलं. "गेलं बघा चित्र!"

"अँटिना हलला आसंल," कल्याणराव उठलेच. गल्लीतले सगळे अँटिने आजवर त्यांनीच फिरवलेले. धोतर खोचून ते शिडीनं छतावर गेले. मी बटण पुन्हा चालू केलं.

"बोल गं, लवकर!"

"बाई, छातीत गाठ हाय," ईश्वरी घाईघाईनं म्हणाली. "चार महिने झाले. दुखत न्हाई, पर वाढायलीय."

डॉक्टरीणबाई पुढं झुकल्या. तेवढ्यात वरून हाक आली, "आलं का?"

"न्हाई!" मी ओरडले.

कल्याणरावांनी सगळा जोर लावून अँटिनाची तबकडी फिरवली आणि चित्र खरोखरच गेलं. मी कपाळावर हात मारला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

दहा मिनिटांत दुकानातला फोन वाजला. दवाखान्याच्या कागदावर तोच नंबर होता. मी धावले, पण छतावरून उतरलेल्या कल्याणरावांनी आधीच उचलला होता. "मी सासरा," एवढंच ते म्हणाले. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नसणार, कारण रिसीव्हर ठेवताच त्यांनी गल्ल्यातले सगळे पैसे न मोजताच खिशात कोंबले. पित्ताचं नावसुद्धा निघालं नाही. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू.

"जीप बोलवा. आत्ताच्या आत्ता निघायचं," ते म्हणाले, आणि मग माझ्यावरच डाफरले, "चार महिने! माझ्या घरातली गोष्ट, आन् मला कामून सांगितली न्हाई कुनी?"

मी तोंड उघडणार, तोच दाराआडून ईश्वरी पुढं आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडं.

"मामा," ती म्हणाली, "तुमी तर तितंच बसलता की."